पहाटेचा टेम्पो आणि पदार्थविज्ञान

विद्यार्थिमित्रांनो, उद्या पहाटे साडेपाचला उठून कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापाशी जाऊन उभे राहा. थोड्या वेळात एक छोटी मालगाडी येईल. तिच्या हौद्यात दुधाच्या पिशव्यांनी भरलेले प्लॅस्टिकचे कॅरेट एकावर एक रचलेले असतील. गाडी थांबेल, फाळका खाली पडेल, पोऱ्या चार कॅरेट उतरवील, चार रिकामे वर टाकील आणि दीड मिनिटात गाडी पुढच्या गल्लीत वळेल. हे दृश्य तुम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. आज आपण त्याच गाडीच्या मागोमाग, वही-पेन्सिल घेऊन, थोडे हिंडणार आहोत. गतिज ऊर्जा, घर्षण, तरफ, गुरुत्वमध्य हे सारे शब्द तुम्ही पुस्तकात वाचले आहेत. टेम्पोवाल्याने ते वाचलेले नसतील, पण त्याचे पोट त्यांच्यावर चालते, आणि कधीकधी जीवही त्यांच्यावरच अवलंबून असतो.

आधी 'टेम्पो' या शब्दाविषयी. वनस्पती तुपाला आपण जसे सर्रास डालडा म्हणू लागलो, तसेच हे आहे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे विडाल नावाच्या घराण्याचा छोट्या मालगाड्यांचा कारखाना होता आणि त्याच्या गाड्यांचे व्यापारी नाव होते 'टेम्पो'. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ वेग. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि त्या जर्मन कारखान्याच्या परवान्याने 'हॅन्सिॲट' नावाची तीनचाकी मालगाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला मोठा कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये चारचाकी 'मॅटॅडोर' आली. तिचेही नाव इतके रुळले की कित्येक गावांत आजही कोणत्याही बंद गाडीला मॅटॅडोर म्हणतात. २००५ साली त्या कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले, पण कारखान्याच्या पाटीवरून गेलेला शब्द लोकांच्या तोंडून काही गेला नाही. त्याच वर्षी टाटांची 'एस' ही दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची चिमुकली चारचाकी गाडी बाजारात आली आणि लोकांनी तिचे बारसे 'छोटा हत्ती' असे केले. आपल्या आजच्या पाठातील गाडी साधारण याच मापाची आहे असे समजू: गाडीचे स्वतःचे वजन ८०० किलो, माल ७०० किलो, एकूण १५०० किलो.

७०० किलो म्हणजे किती कॅरेट? एका कॅरेटमध्ये अर्ध्या लिटरच्या २४ पिशव्या, म्हणजे १२ लिटर दूध. दुधाची घनता पाण्याहून किंचित जास्त, तेव्हा दुधाचे वजन सव्वाबारा-साडेबारा किलो. कॅरेटचे स्वतःचे वजन धरून १४ किलो म्हणू. म्हणजे ५० कॅरेट, ६०० लिटर दूध. एवढ्यावर दोन-तीनशे घरांचा सकाळचा चहा होतो.

आता पहिला प्रश्न. समजा या गाडीची फेरी २० किलोमीटरची आहे आणि वाटेत ६० ठिकाणी थांबायचे आहे. डिझेल कशात जळते, चालण्यात की थांबण्यात?

बहुतेक जण म्हणतील, चालण्यात. थांबलेल्या गाडीला काय लागते? आपण हिशेब करून पाहू. गाडी भरलेली निघते आणि रिकामी परतते, तेव्हा सरासरी वस्तुमान १५०० आणि ८०० यांच्या मधले, म्हणजे ११५० किलो धरू. दोन थांब्यांच्या मध्ये चालक ताशी ३६ किलोमीटर वेग घेतो असे समजा, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गतिज ऊर्जा ½mv² या सूत्राने काढा: ½ × ११५० × १० × १० = ५७,५०० ज्यूल. पुढच्या दुकानापाशी चालक ब्रेक दाबतो. ही ५७,५०० ज्यूल ऊर्जा कोठे जाते? ब्रेकच्या अस्तरांत आणि ड्रममध्ये घर्षणाने तिची उष्णता होते आणि ती हवेत विरून जाते. गाडी पुन्हा निघाली की तेवढीच ऊर्जा इंजिनाला नव्याने द्यावी लागते. ६० थांब्यांचे मिळून झाले ३४ लाख ५० हजार ज्यूल.

आता चालण्याचा खर्च. सपाट डांबरी रस्त्यावर रबरी चाक फिरते तेव्हा टायर दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात काही ऊर्जा जाते. हा विरोध गाडीच्या वजनाच्या साधारण शेकडा सव्वा एवढा असतो. शेकडा १.२ धरला तर ११५० × ९.८ × ०.०१२, म्हणजे सुमारे १३५ न्यूटन. २० किलोमीटर म्हणजे २०,००० मीटर. गुणाकार २७ लाख ज्यूल. हवेचा विरोध या वेगाला त्याहून कमीच. तेव्हा पाहा, नुसते थांबणे आणि निघणे हे २० किलोमीटर चाके फिरवण्यापेक्षा महाग पडले! शिवाय उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर तेही डिझेल पीत राहते, ते वेगळेच.

एक लिटर डिझेल जाळले की सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल उष्णता मिळते. गावातल्या धावपळीत त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले तर ७२ लाख ज्यूल. म्हणजे रोज जवळजवळ अर्धा लिटर डिझेल फक्त ब्रेक तापवण्यासाठी विकत घेतले जाते. वर्षाचे किती झाले ते तुम्ही काढा, आणि आजच्या भावाने गुणा. जो माणूस फेरीमागे ठरलेल्या भाड्यावर गाडी चालवतो, त्याच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नाही.

हा खर्च कमी करता येईल का? सूत्राकडे पुन्हा पाहा. वेगाचा वर्ग आहे. चालकाने थांब्यांच्या मध्ये ताशी ३६ ऐवजी २७ किलोमीटरच वेग घेतला, म्हणजे सेकंदाला साडेसात मीटर, तर प्रत्येक थांब्याला ५७,५०० ऐवजी सुमारे ३२,३०० ज्यूल जातील. वेग पाऊणपट, पण नुकसान जवळजवळ निम्म्यावर आले. आणि वेळ किती जास्त लागला? दोन थांब्यांत सरासरी ३३३ मीटर अंतर आहे. गाडीला वेग घ्यायला आणि सोडायला लागणारा वेळ धरून हिशेब केला तर एका टप्प्याला आठ-नऊ सेकंद अधिक, म्हणजे सगळ्या फेरीत आठ-नऊ मिनिटे. जुने, मुरलेले चालक दुकान दिसताच पाय काढून घेतात आणि गाडी आपोआप मंदावू देतात. त्यांनी हे गणित केलेले नसते; त्यांनी डिझेलच्या पावत्या पाहिलेल्या असतात.

ज्या गाडीला सारखे थांबायचे आहे, हळू चालायचे आहे आणि रोज त्याच वाटेने जाऊन रात्री त्याच जागी परतायचे आहे, तिला विजेची मोटर उत्तम. हे इंग्लंडमधल्या दूधवाल्यांनी फार पूर्वी ओळखले होते. विसाव्या शतकात कित्येक दशके तेथे घरोघर दूध पोहोचवणाऱ्या गाड्या शिशाच्या बॅटऱ्यांवर चालत. वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पण घाई कोणाला होती? पहाटे आवाज नाही, उभ्या गाडीत इंधन जळत नाही, आणि रात्री डेपोत बॅटरी भरून घेता येते. आपल्याकडेही आता विजेवर चालणारे तीनचाकी आणि चारचाकी टेम्पो रस्त्यावर दिसतात. छोट्या हत्तीचा विजेचा अवतार २०२२ साली आला. या नव्या गाड्यांत आणखी एक सोय असते. चालकाने ब्रेक दाबला की मोटर उलट काम करते, म्हणजे डायनॅमो बनते. सायकलच्या चाकाला डायनॅमो टेकवला की पायडल जड होते हे तुम्हाला माहीत आहे. तसेच येथे चाके जड होतात, गाडी मंदावते, आणि गतिज ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जातो. सगळा नाही, कारण मोटर आणि बॅटरी दोन्ही आपापली दस्तुरी कापून घेतात. पण ब्रेकच्या ड्रममधून तर एक पैसाही परत मिळत नव्हता.

येथपर्यंत पैशाची गोष्ट झाली. आता जी सांगणार आहे ती थोडी गंभीर आहे.

मी एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो. शाळेसाठी नवी बाके यायची होती. सुतारखान्यातून निघालेला टेम्पो शाळेच्या अलीकडच्या वळणावर कलंडला. चालकाचा हात मोडला. रस्त्याच्या कडेला नेहमी बसणारी भाजीवाली त्या दिवशी बाजाराला गेली होती म्हणून वाचली. गावात एकच बोलणे सुरू झाले: फार माल भरला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनीही तेच सांगितले. मी चालकाला इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा तो कळवळून म्हणाला, "सर, पासिंगच्या आत होता हो माल. वजनकाट्याची चिठ्ठी आहे माझ्याकडं." चिठ्ठी मी पाहिली. तो खरे बोलत होता. बाके उभी करून एकावर एक बांधली होती; माल हलका होता, पण केबिनच्याही वर हातभर गेला होता.

मग टेम्पो उलटला का? आकृती काढून पाहा. गाडी मागून पाहिली असे समजा. दोन चाके, त्यांच्यामध्ये वर कोठेतरी गुरुत्वमध्य. गाडी उजवीकडे वळते तेव्हा जडत्वामुळे ती सरळच जाऊ पाहते. गाडीत बसलेल्याला वाटते की कोणीतरी तिला डावीकडे ढकलत आहे. हे ढकलणे mv²/r एवढे असते आणि ते गुरुत्वमध्यापाशी लागते. ते गाडीला बाहेरच्या चाकाभोवती उलथवू पाहते, आणि गाडीचे वजन mg तिला खाली दाबून धरते. उलथवणाऱ्या बलाची भुजा म्हणजे गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची h. दाबून धरणाऱ्या वजनाची भुजा म्हणजे मधल्या रेषेपासून चाकापर्यंतचे अंतर b. दोन्ही परिबले सारखी झाली की आतले चाक जमीन सोडते:

mv²/r × h = mg × b

आता नीट पाहा. m दोन्ही बाजूंना आहे. तो उडाला! उरले v² = g × r × b/h. वस्तुमानाचा मागमूसही नाही. गाडी उलटायची की नाही हे माल किती किलोचा आहे यावर ठरत नाही. तो किती उंच आहे आणि गाडी किती रुंद आहे यावर ठरते. वजनकाटा हे सांगू शकत नाही, कारण काटा उंची मोजत नाही.

आकडे घालू. चाकांमधले अंतर १.३ मीटर, म्हणजे b झाला ०.६५ मीटर. वळणाची त्रिज्या ८ मीटर. दुधाचे कॅरेट नीट सपाट रचले तर भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य समजा ०.९ मीटर उंचीवर येतो. मग v² = ९.८ × ८ × ०.६५/०.९, म्हणजे सुमारे ५६.६, आणि v साडेसात मीटर, ताशी २७ किलोमीटर. कोरड्या रस्त्यावर या वेगाच्या आसपास चाकेच बाहेर घसरू लागतात. चाके किंचाळली की चालक सावध होतो. पण बाके उंच रचून गुरुत्वमध्य १.३ मीटरवर नेला, तर v² येतो ३९.२ आणि वेग ताशी साडेबावीस किलोमीटर. म्हणजे चाके घसरण्याआधीच गाडी कलंडते. आधी कसलीही सूचना नाही. ज्या वळणावर तो चालक रोज पंचवीसच्या वेगाने सुखरूप जात असे, त्याच वळणावर, त्याच वेगाने, त्या दिवशी तो आडवा झाला. प्रत्यक्षात तर पाटे दबून हौदा बाहेरच्या बाजूला झुकतो, तेव्हा खरी मर्यादा आपण काढली तिच्याहूनही खालीच असते.

तीनचाकी टेम्पोचे काय? तिपाईवर बसून पाहा. दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकलात की ती चारपायी स्टुलापेक्षा लवकर कलंडते. तीनचाकीची उलथण्याची रेषा मागच्या चाकापासून पुढच्या एकट्या चाकाकडे तिरपी जाते. गाडीची खरी रुंदी पुढे शून्य आणि मागे पूर्ण. गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून दोन-तृतीयांश अंतरावर असेल तर b सुद्धा दोन-तृतीयांशच उरतो. वरच्याच सूत्रात h ०.९ मीटर ठेवून हिशेब करा. ताशी २७ ऐवजी २२ किलोमीटर येईल. आणि वळताना चालकाने घाबरून करकचून ब्रेक लावला तर? माल जडत्वाने पुढे, म्हणजे अरुंद बाजूकडे झेपावतो. म्हणून तीनचाकीवाले वळणाच्या आधीच वेग कमी करतात, वळणात नाही. पाण्याची अर्धी भरलेली टाकी नेताना हाच धोका सर्वांत मोठा, कारण हिंदकळणारे पाणी गुरुत्वमध्यच आपल्याबरोबर बाहेर घेऊन जाते. टाकी न्यायची तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. खडूची रिकामी खोकी घ्या. एका खोक्यात तळाशी चार-पाच जुनी नाणी चिकटवा, दुसऱ्यात तेवढीच नाणी वरच्या झाकणाला आतून चिकटवा. दोन्ही खोकी एका फळीवर उभी करा, ती घसरू नयेत म्हणून फळीला पोलिश कागद लावा, आणि फळी हळूहळू एका बाजूने उचला. दोघांचे वजन सारखे, पण कोणते आधी पडते आणि कोनमापकावर किती अंशाला, ते टिपून घ्या. त्या कोनाचा टॅन म्हणजेच आपले b/h.

मग जास्त वजन भरले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते, पण दुसरीकडे. ब्रेकचेच उदाहरण घ्या. पुस्तकातला हिशेब सांगतो की थांबण्याचे अंतर v²/2μg. येथेही वस्तुमान उडालेले दिसते. पण हे सूत्र ब्रेकमध्ये चाके पूर्ण रोखण्याइतकी ताकद आहे असे गृहीत धरते. ही ताकद कारखान्याने गाडीच्या ठरलेल्या वजनासाठी बेतलेली असते. समजा ब्रेकचे बल जास्तीत जास्त ९,००० न्यूटन आहे. १५०० किलोच्या गाडीला ते सेकंदाला ६ मीटरचे मंदन देईल, आणि ताशी ३६ च्या वेगातून ती सव्वाआठ-साडेआठ मीटरांत थांबेल. त्याच गाडीत माल दुप्पट भरून एकूण वजन २२०० किलो केले तर मंदन राहील ४.१, आणि अंतर होईल १२.२ मीटर. जवळजवळ ४ मीटर अधिक. रस्ता ओलांडणाऱ्या पोराच्या अलीकडे थांबणे आणि पलीकडे थांबणे यांत एवढेच अंतर असते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन जास्त मालासाठी २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,००० रुपये असा दंड ठरला. दंड मोठा वाटतो, पण या ४ मीटरांच्या मानाने तो स्वस्तच आहे.

वजन ठरलेल्या मर्यादेत असले तरी ते हौद्यात कोठे ठेवले हा आणखी एक प्रश्न. येथे तरफ उपयोगी पडते. पुढचा आणि मागचा ॲक्सल यांत २.१ मीटर अंतर आहे. रिकाम्या गाडीत समजा ४५० किलो पुढच्या चाकांवर आणि ३५० मागच्या चाकांवर पडते. ७०० किलो मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे ठेवला तर पुढच्या चाकांवर ७०० × ०.२/२.१, म्हणजे ६७ किलो भर पडते. ठीक. पण लोखंडी गजांसारखा लांब माल फाळका पाडून मागे लोंबत ठेवला आणि त्याचा मध्य ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे गेला, तर मागचा ॲक्सल टेकू बनतो आणि पुढची बाजू २०० किलोने उचलली जाते. पुढे उरले २५० किलो. आता स्टिअरिंग हातात लोण्यासारखे फिरते, आणि नवख्या चालकाला ते बरे वाटते! मला एका जुन्या टेम्पोवाल्या मामांनी सांगितले होते, "गाडी हातात हलकी लागली की समजायचं, ती आपलं ऐकत नाही." पुढच्या टायरांवर वजनच नसेल तर घर्षण कोठून येणार, आणि घर्षण नसेल तर गाडी वळणार कशाच्या आधारावर?

मॅटॅडोरमध्ये तर इंजिनाची ओढही पुढच्याच चाकांना होती. तिचा फायदा असा की मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा हौद्याखाली नसे, म्हणून हौदा बराच खाली ठेवता येई. हमालाला पोते वीतभर कमी उचलावे लागे. ज्यूलमध्ये मोजाल तर ही बचत अगदीच किरकोळ भरते. पण दिवसाला दोनशे पोती चढवणाऱ्या कमरेला ज्यूलची भाषा कळत नाही. तोटा असा की मागे जड माल भरून चढावर निघाले, तर पुढची चाके जागच्या जागी फिरू लागत. त्यामुळे जड पोती केबिनच्या पाठीला टेकवून लावण्याची रीत पडली, आणि ती आजही बरोबरच आहे.

आता वाटपाचा क्रम. दहा दुकाने असतील तर ती किती वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतील? १० × ९ × ८ असे करत १ पर्यंत गुणा: ३६,२८,८००. पंधरा दुकानांचे सुमारे १ लाख ३० हजार कोटी क्रम होतात. सेकंदाला एक कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्राला त्यासाठी दीड दिवस लागेल, आणि वीस दुकानांसाठी साडेसात हजार वर्षांहून अधिक. गणिती लोक याला फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात. मोठ्या कंपन्या संगणकाला पूर्ण उत्तर विचारत नाहीत. पुरेसे चांगले उत्तर विचारतात. टेम्पोवालाही तेच करतो. मात्र 'सर्वांत जवळचे दुकान आधी' हा सोपा वाटणारा नियम फसवा आहे. एका सरळ रस्त्यावर केंद्रापासून पूर्वेला १०० आणि ५०० मीटरवर दोन दुकाने आहेत, पश्चिमेला २०० आणि १३०० मीटरवर दोन आहेत. या नियमाने गेलात तर शेवटच्या दुकानापर्यंत २,९०० मीटर चाल होईल. आधी पूर्व उरकून मग पश्चिमेला गेलात तर २,३००.

दुकाने रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहेत तेही महत्त्वाचे. आपण डावीकडून चालतो, तेव्हा डाव्या हाताची दुकाने जाताना आणि उजव्या हाताची येताना करावी. मग समोरची रहदारी तोडून उजवीकडे वळावे लागत नाही. आणि एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही: जे आधी उतरवायचे ते शेवटी चढवायचे असते. म्हणून क्रम सकाळी रस्त्यावर नव्हे, तर पहाटे चारला डेपोत, पहिला कॅरेट हौद्यात ठेवतानाच ठरलेला असतो. ऐनवेळी एखादे दुकान बंद निघाले की सगळी रचना विस्कटते आणि चालक चिडतो. त्याच्यावर रागावू नका.

शेवटी तुमच्यासाठी एक उदाहरण. वरच्याच सरळ रस्त्यावरची ती चार दुकाने घ्या. पूर्वेकडची दुकाने अनुक्रमे २ आणि ४ कॅरेट घेतात. पश्चिमेकडचे २०० मीटरवरचे दुकान ४, आणि १३०० मीटरवरचे हॉटेल ४० कॅरेट घेते. फेरी संपल्यावर गाडी केंद्रावर परत आणायची आहे. आधी पूर्व करा किंवा आधी पश्चिम, एकूण अंतर ३,६०० मीटरच भरते. तर मग दोन्ही फेऱ्या सारख्याच का? प्रत्येक टप्प्यातले अंतर आणि त्या टप्प्यात हौद्यात असलेले कॅरेट यांचा गुणाकार करून बेरीज करा. पूर्व आधी केल्यास ९९,००० येईल, पश्चिम आधी केल्यास ७०,६००. या फरकाचे, कॅरेट १४ किलोचा धरून, ज्यूलमध्ये रूपांतर करा आणि ते एका थांब्याला ब्रेकमध्ये जाणाऱ्या ५७,५०० ज्यूलशी ताडून पाहा. उत्तर पाहून तुम्ही थोडे चकित व्हाल. मग दुसरा प्रश्न: हॉटेल आधी केले तर त्यानंतरच्या थांब्यांना गाडी किती किलोने हलकी असते, आणि त्यामुळे प्रत्येक ब्रेकमध्ये किती ज्यूल वाचतात? हे सगळे करून झाल्यावर पोऱ्याला विचारा, हॉटेलचे ४० कॅरेट वर असणे आणि खाली असणे यांत त्याला कोणते सोयीचे पडते.